घरामागच्या अंगणात मुलांची पिकनिक: दाराला कडी घाला आणि निघा

मुलांसाठी घरामागच्या अंगणात छोटीशी पिकनिक करायची म्हटलं की सगळे आधी मेन्यू काढून बसतात. माझ्या मते खरी पंचाईत मेन्यूची नसतेच, घर दहा पावलांवर असतं ही असते. मीठ राहिलं, जा आत. चमचा मातीत पडला, जा आत. एक पोरगं शूला म्हणून आत जातं ते टीव्हीपुढे सापडतं, त्याला बोलवायला गेलेलं दुसरं पण तिथेच बसतं, आणि आपण बाहेर येऊन बघतो तर सतरंजीवर पुऱ्यांचा डबा आणि शेजारचं मांजर. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की जे काही लागणार ते एकदाच बाहेर न्यायचं, मागच्या दाराला कडी घालायची आणि पिकनिक संपेपर्यंत आत जायचं ते फक्त बाथरूमला, ते पण कुणातरी मोठ्या माणसाबरोबर. मोठ्यांचे फोन पण आतच राहूदेत. अडीअडचणीला एक जवळ ठेवा, बाकीचे चार्जिंगला लावून या.

आणि मग निघायचं, म्हणजे खरंच निघायचं. मुलांच्या पाठीला दप्तरं, त्यात पाण्याची बाटली, टोपी, एक नॅपकिन, पायात चपला नाहीतर बूट, आणि पुढच्या दाराने बाहेर पडून गल्लीला एक चक्कर मारून मागच्या फाटकातून अंगणात शिरायचं. मोठ्यांना हा वेडेपणा वाटतो पण चार ते आठ वयाच्या मुलांसाठी अर्धी पिकनिक इथेच होते, कारण रोजचं अंगण असलं तरी आज आपण तिथे 'गेलोय' ना! फाटक नसेल तर घराला वळसा घालून या, बंगल्याला नसेल तेवढी जागा तर जिन्याखालून या, पण मागच्या दारातून सरळ बाहेर पाऊल टाकू नका.

दिवस कुठला धरायचा ते हवेवर आहे. आमच्याकडे साताऱ्याला दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत सकाळी साडेदहा ते दुपारी एक हा वेळ मस्त, ऊन कोवळं नसतं पण बोचत पण नाही. संध्याकाळी करायची तर हे लक्षात ठेवा की डिसेंबरात सहाला अंधार पडायला लागतो आणि त्याच्या आधीच डास येतात. एप्रिल-मेमध्ये सकाळ लवकर, साडेआठच्या आत सुरू, नाहीतर पाच वाजल्यानंतर, मधे नाही म्हणजे नाही. पावसाळ्यात ओल्या गवतावर बसायचा हट्ट करू नका, गोम निघते, विंचू निघतो, त्यापेक्षा पडवीत बसा. दोन-अडीच तास पुरेत. तीन तासांच्या पुढे गेलं की लहानं रडायला लागतात, मोठी भांडायला लागतात आणि आपण खेकसायला लागतो.

मला स्वतःला कार्तिकातला आवळी भोजनाचा मुहूर्त सगळ्यात आवडतो. कार्तिक शुद्ध नवमी म्हणजे आवळा नवमी, तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत आवळ्याच्या झाडाखाली डबे घेऊन जाऊन जेवायची आपल्याकडे पद्धत आहेच, म्हणजे आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या, फक्त त्याला पिकनिक म्हणत नव्हत्या. बऱ्याच ठिकाणी शाळेला दिवाळीची सुट्टी पण तेव्हा चालू असते नाहीतर नुकतीच संपलेली असते. अंगणात आवळा असेल तर झालंच, नसेल तर बाजारातून पाव किलो आवळे आणा, कुंडीतल्या नाहीतर कुठल्याही झाडाच्या फांदीला फडक्यात बांधून लटकवा आणि त्याच्याखाली जेवा, झाडाला काही राग येत नाही. जेवण झाल्यावर प्रत्येकाला आवळ्याची एक फोड मीठ लावून द्यायची आणि लगेच वर साधं पाणी प्यायला लावायचं. पाणी गोड लागतं. ज्याने हे कधी केलं नाहीये त्या मुलाचा चेहरा बघा एकदा, आधी आंबट तोंड, मग पाण्याचा घोट, मग डोळे मोठे करून पेल्यात बघतं की यात साखर कुणी घातली. मग सगळी पोरं आवळे संपवतात, जी एरवी मोरावळ्याच्या बरणीकडे बघत पण नाहीत.

मुलं किती? सहा ते आठ. अंगण केवढंही असूदे, त्याच्यावर नको. तीन-चार लहान मुलांमागे एक मोठं माणूस असं धरा आणि त्यात आजी-आजोबा जरूर घ्या, त्यांच्यासाठी दोन खुर्च्या बाहेर काढायला विसरू नका, खाली बसवून गुडघ्यांचे हाल करू नका. बोलावताना मुलांच्या आयांना फोनवर एकच प्रश्न नीट विचारा, खाण्यापिण्याचं काही चालत नाही का? मेसेज टाकला की सगळे 'काही नाही, सगळं खातो' लिहितात आणि फोनवर बोललं की कळतं दाण्याने अंगावर पित्त उठतं. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते आपल्यालाच आठवत नाही, कोशिंबिरीत आहे, चटणीत आहे, वांग्यात आहे. एखाद्याला चालत नसेल तर त्या दिवशी कूट घरातच ठेवा, 'त्याला वेगळं वाढू' असलं काही करू नका, मुलं एकमेकांच्या ताटातलं उचलतातच.

अंगणाकडे आदल्या दिवशी एकदा मुलांच्या उंचीवरून बघा, म्हणजे चक्क उकिडवं बसून. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, फुटका माठ, यात साचलेलं पाणी ओता, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि तो दिवसा चावतो, त्यामुळे हे काम आठवड्याला करायचंच असतं, पिकनिकच्या निमित्ताने नक्की होतं. हौद असेल तर झाकण आणि झाकणावर वजन, विहीर किंवा पाण्याची टाकी असेल तर तिकडची बाजू बंदच करा. पाण्याने भरलेली बादली पण ठेवू नका, दोन वर्षांच्या मुलाला वीतभर पाणी पुरे असतं, हे घाबरवायला नाही सांगत, खरंच आहे. लाकडं, विटांचा ढीग, पालापाचोळ्याचे कोपरे आदल्या दिवशी काठीने वाजवून घ्या आणि मुलांना तिकडे जायचं नाही असं रांगोळीने रेघ मारून दाखवा. साप दिसलाच तर मारायला धावायचं नाही, मुलांना घेऊन लांब व्हायचं, नजर ठेवायची आणि सर्पमित्राला बोलवायचं, नंबर आधीच काढून ठेवा.

झाडांचं बघायला लोक विसरतात. कण्हेर विषारी, पांढरी-गुलाबी पण आणि पिवळी पण, आणि पिवळ्या कण्हेरीच्या त्या बिट्ट्या घेऊन आपण सगळे लहानपणी खेळलोय म्हणून ते आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण तिची बी पोटात गेली तर थेट हृदयावर परिणाम होतो. धोत्र्याची काटेरी फळं, लाल-काळ्या गुंजा, एरंडाच्या बिया, हे सगळं झाडून उचलून टाका. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. भातुकली खेळताना पोरं पाला कुटून 'भाजी' करतात ना, म्हणून हे सगळं. कुठला पाला तोडायचा ते आपणच दाखवायचं, जास्वंदीचा, तुळशीचा, गवती चहाचा, मग भाजी तोंडात गेली तरी हरकत नाही.

बसायला खाली ताडपत्री किंवा जुना फ्लेक्स आणि वर सतरंजी. नुसती सतरंजी घातली की खालची ओल वर येते. सावली नसेल तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक जुनी साडी आडवी टाकून खालच्या टोकांना विटा ठेवा, तंबू तयार, आणि मोठ्या मुलांनाच बांधू द्या. ती वाकडी बांधतील. वाकडीच राहूदेत.

ताटांसाठी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, किराणा दुकानात नाहीतर पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. चंदेरी कागदाच्या ज्या चकचकीत पत्रावळी असतात त्या नको, त्यावर प्लास्टिकचा थर असतो. थर्माकोलच्या प्लेटांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. केळीचं पान मिळालं तर काय बघायलाच नको, फक्त ते गॅसवर जरासं शेकवून घ्या म्हणजे मऊ पडतं आणि घडी घालताना फाटत नाही. पेले मात्र स्टीलचे, प्रत्येकाच्या पेल्याला वेगळ्या रंगाची लोकर बांधा, नाहीतर 'माझा कुठला' करत तासाभरात पंचवीस पेले वापरले जातात.

आता खाणं. इथे माझं मत जरा कडक आहे. केक, पिझ्झा, वेफर्सची पाकिटं आणली की तो वाढदिवस होतो आणि मुलं वाढदिवसासारखीच वागतात. पिकनिकचं खाणं म्हणजे हाताने खाता येणारं, गार झालं तरी चांगलं लागणारं, आणि बाहेर आल्यावर ज्याला गरम करायला आत पळावं लागत नाही असं. एक पोटभरीचं, एक कोरडं, एक फळ, एक सरबत. बस. बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, कापलेली फळं असलं काही असेल तर दोन तासांच्या आत संपवायचं, उन्हाळ्यात तासाभरात.

पोटभरीचं म्हणजे दहीभात, पण प्रवासातला. एक वाटी जुना तांदूळ तीन वाट्या पाण्यात कुकरला मऊ शिजवायचा, गरम असतानाच डावाने जरा घोटायचा आणि त्यात दीड ते दोन वाट्या तापवून कोमट केलेलं दूध घालायचं. बघायला खूप पातळ दिसतं, घाबरू नका. भात कोमट झाला की मग दही, फक्त दोन चमचे, विरजणाएवढं, आणि नीट ढवळून झाकण. दुधाचं डब्यातच दही लागतं आणि तीन-चार तासांनी जेवायला बसता तेव्हा भात आंबट न होता गोडसर, दाट, मऊ झालेला असतो. सरळ वाटीभर दही घालून नेलं तर तो जेवायच्या वेळेपर्यंत आंबट ढोण होतो आणि मुलं हात लावत नाहीत. मीठ वाढायच्या आधी, फोडणी तुपाची, जिरं आणि कढीपत्ता, मिरची मोठ्यांच्या भातावर वेगळी. हे माप तीन-चार मुलांना पुरतं, आठ असतील तर दुप्पट करा.

कोरड्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आहेतच, पण गुळाच्या दशम्या करून बघा. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी गूळ, तो कोमट दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ, आणि त्याच दुधात कणीक घट्ट भिजवायची. जाडसर लाटायच्या, मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या कारण गूळ पटकन करपतो. लाटतानाच वाटीने लहान लहान गोल पाडले तर मुलांच्या हातात मावतात. आदल्या रात्री करून ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी लुसलुशीत राहतात. बरोबर लोण्याचा गोळा असेल तर मग मी काही बोलत नाही.

फळात पेरू, केळी, चिकू. चिकूच्या बिया आपण काढून द्यायच्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नका, पळत पळत खातात आणि घशात अडकतं. द्राक्षं उभी चिरून द्या. आणि नियम करा, खायचं ते बसूनच, तोंडात घास असताना पळायचं नाही.

सरबत लिंबाचं नाहीतर कोकमाचं, माठातल्या पाण्यात. पाणी माणशी अर्धा-पाऊण लिटर लागतं असं धरून भरा, आणि सरबताच्या पातेल्यावर झाकण हवंच, उघडं ठेवलं की गांधीलमाशी आलीच. मुंग्यांसाठी जुना उपाय सगळ्यात भारी, परातीत दोन बोटं पाणी घ्यायचं आणि गोडाचा डबा त्याच्या मधोमध ठेवायचा. हळदीची रेघ लोक मारतात पण मुलं ती तीन मिनिटांत पुसतात.

आता हे सगळं आपणच करायचं नाही. इथे बहुतेक आया फसतात, सकाळी सहापासून राबतात आणि मुलांना तयार ताट मिळतं, मग मुलं दहा मिनिटांत खाऊन 'आता काय करू' म्हणून उभी. कामं बाहेर ठेवा. लिंबं न पिळता न्या. काकडी न चिरता न्या. मटाराच्या शेंगा न सोलता न्या. चार वर्षांचं मूल पेले मोजून मांडतं, सहा वर्षांचं पत्रावळी पुसून लावतं आणि मटार सोलतं (निम्मे खातं, चालायचंच), आठच्या पुढचे लिंबू पिळतात, साखर ढवळतात, चव बघतात, परत चव बघतात. दहा-अकराच्या मुलाला धार असलेली सुरी आणि पाट देऊन काकडी चिरायला बसवा, शेजारी आजोबा. बोथट सुरी देऊ नका, ती घसरते. वाढायला पण मुलंच, एकाने मीठ, एकाने पुरी, एकाने भात, पंगतीत वाकून वाढतात तसं, आणि 'आग्रह करायचा हं' एवढं सांगितलं की बघा काय धमाल करतात, 'घ्या हो काकू, लाजू नका'.

खेळ जेवणाआधी. जेवल्यावर पळापळी नको, पोटात दुखतं नाहीतर उलटी. लगोरीसाठी शहाबादी फरशीचे किंवा कौलाचे सात चपटे तुकडे जमवा, मोठा खाली लहान वर, कडा दगडावर घासून बोथट करून घ्या. चेंडू रबरी कडक नको, जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून बांधलेला चेंडू घ्या, पाठीत बसला तरी कुणी रडत नाही आणि शेजाऱ्यांची काच पण वाचते. दोन टीम पाडताना मोठी-लहान मिसळून पाडा आणि सगळ्यात लहान जे असेल ते कच्चं लिंबू, ते कधीच आऊट नाही, पण त्याला पळू द्यायचं सगळ्यांबरोबर. राज्य कुणावर हे मुलांनाच चकून ठरवू द्या, त्यात दहा मिनिटं जातात, भांडणं होतात, तो पण खेळच आहे, मधे पडू नका. जागा कमी असेल तर तळ्यात-मळ्यात, विषामृत, मामाचं पत्र हरवलं. विटी-दांडू नको, अंगण लहान असतं आणि विटी डोळ्याच्या उंचीवरच उडते.

जेवणानंतर मात्र अर्धा-पाऊण तास काही ठरवू नका. मुलांना आडवं होऊ द्या, आजीने सागरगोटे काढले तर त्याच्याभोवती गोळा होतील, कुणी सुतळीने पानांची माळ करेल. लक्ष दिलं तर आपल्या अंगणात पण बरंच काही असतं, जास्वंदीवर शिंजीर येतो, एवढासा, चमकणारा, बाक असलेली चोच फुलात घालतो, बुलबुलाची जोडी असते, भिंतीवर खारूताई शेपटी उडवत ओरडत असते. 'पाच वेगळ्या आकाराची पानं आणा, पण फक्त खाली पडलेली' एवढं सांगितलं की वीस मिनिटं आवाज नाही.

जवळ एक डबा ठेवा, त्यात कापूस, अँटिसेप्टिक, चिकटपट्ट्या, चिमटा, बर्फाचा थर्मास. मधमाशी चावली तर काटा आधी पटकन काढायचा, मग साबण-पाणी, मग बर्फ. तोंड-ओठ सुजायला लागले, श्वास लागायला लागला तर घरगुती काही करत बसायचं नाही, १०८ ला फोन नाहीतर गाडी काढून सरळ दवाखाना.

अंगणच नसेल तर सोसायटीची गच्ची चालते, कठडा मुलांच्या छातीच्या वर असेल तरच, आणि दुपारी फरशी तापते म्हणून सकाळीच. बाकी सगळं हेच, दाराला कडी आणि एक चक्कर मारून वर.

आवरायचं मुलांनीच, पण ते अजून मजेत असताना, कंटाळल्यावर नाही. म्हणून संपायच्या वीस मिनिटं आधी सुरू करा. पत्रावळी आणि साली खड्ड्यात, वर दोन घमेली माती, नाहीतर रात्री कुत्री सगळं अंगणभर करतात. पेले ज्याचे त्याने नळाखाली विसळायचे. सतरंजी दोघांनी दोन टोकं धरून झटकायची, याच्यासाठी मारामारी होते, जोड्या पाडून द्या. तंबूच्या विटा मोठ्यांनीच उचलायच्या, खाली काय बसलंय ते आधी बघून. उरलेला दहीभात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, उन्हात बसलेला असतो तो. दशम्या उरल्या तर प्रत्येक मुलाच्या दप्तरात दोन-दोन घाला, आणि कडी काढायच्या आधी चपला मोजा, कुणीतरी एक पायात दुसऱ्याची घालून निघालेलं असतंच.